चढाचा भाव

गेममध्ये साताऱ्याच्या जागी एक हिरवा षटकोन होता.
त्यावर लिहिलेलं: सपाट प्रदेश, गहू दोन.
सपाट! आमचं!
मी हसले, मग चिडले,
मग दोन दिवसांची रजा टाकली.

आधी उपग्रह चढवला.
चित्र कुठल्याशा एप्रिलमधलं असणार,
कारण यवतेश्वरचा सगळा उतार
तव्यावर विसरलेल्या पापडासारखा,
आणि आमच्या गच्चीवर अजून ती काळी टाकी
जी फुटून दोन वर्षं झाली.
गोडोलीचं तळं नखाएवढं.

मग कॉलेजच्या भूगोल विभागातून मागून आणलेली टोपोशीटं.
टाचण्यांची भोकं, कडेला कुणाच्या तरी चहाचा गोल.
स्कॅन केली, चार कोपरे चार आकड्यांना बांधले.
आमचं शहर एका शीटवर मावत नाही.
चौऱ्याहत्तरावा रेखांश मधूनच जातो,
कुणाला न विचारता.
आणि शिवण जुळेना:
अर्धी गल्ली या शीटवर, तिचं उरलेलं अर्ध
तीन पिक्सेल दक्षिणेला,
म्हणजे जमिनीवर एक अख्खं मंगल कार्यालय.
रांगोळीचा ठिपका चुकला की करंगळीने सारतात
तशी सारत बसले.
रात्री दीडला जुळलं.
अजिंक्यताऱ्याभोवती समोच्च रेषा इतक्या दाट,
की वाटावं कुणीतरी वैतागून
तपकिरी पेन एकाच जागी फिरवलंय.

धैर्यशीलला इस्लामपूरला फोटो पाठवला.
"भारी. तुझी चाल झाली का?"
झाली होती.
मग त्याचं घोडदळ आलं,
उभ्या कड्यावरून,
सरळ, एका दमात,
एकही खूर न घसरता.

तेव्हा कळलं, मी नुसतं कातडं बदललं होतं.
आत सगळं तसंच. सपाट. गहू दोन.
चित्रातला डोंगर डोळ्याला अडतो,
घोड्याला नाही.

प्रत्येक षटकोनाला आकडा द्यायचा होता:
इथून जायला किती पडतं.
शीट उंची सांगते, वीस-वीस मीटरने, इमानदारीत.
दम सांगत नाही.

सकाळी बाबालाल मुलाणी सिलेंडर घेऊन आले.
"मामा, माची पेठ किती?"
"वर चढवायचे वीस, सगळ्यांनाच वीस."
मग मी स्क्रीन दाखवली.
त्यांनी चष्मा न लावता बोट ठेवलं:
"ही तुमची जुनी टाकी."

रिकाम्या सिलेंडरवर बसून ते सांगत गेले, मी लिहीत गेले.
शाहूपुरी एक. गोडोली एक.
समर्थ मंदिरापर्यंत दीड,
उतरताना मोकळी टाकी असली तर एक.
बोगद्यात गार वाटतं, तिथला अर्धा कमी कर.
माची पेठ चार. पावसाळ्यात पाच, पायऱ्यांना शेवाळ धरतं.
"यवतेश्वर?"
ते गुडघा चोळत राहिले.
"सात लिही. नको, सहा.
मी तेव्हा तरणा होतो, मला सात वाटायला नको होतं."

गेमला अपूर्णांक चालत नाहीत.
सगळ्यांची दुप्पट केली.

त्यांचं घर दोन्ही शीटांवर नव्हतं,
वस्तीच नंतरची.
उपग्रहात होतं, निळ्या ताडपत्रीचा एक ठिपका.
तिथला आकडा त्यांनी सांगितला नाही,
मीही विचारला नाही.
शून्य टाकून पाहिलं, गेम घेईना.
एक टाकला. तो मात्र दुप्पट केला नाही.

रात्री धैर्यशीलचं घोडदळ पुन्हा निघालं.
माची पेठेखाली आलं आणि थांबलं.
पहिली फेरी. दुसरी. तिसरी.
"तुझ्या नकाशात काहीतरी बिघाड आहे,"
त्याचा निरोप आला, "घोडी हलत नाहीत."

मी लिहिलं, शेवाळ आहे.
जपून ये.